जर्मनीतल्या कंपनीचं काँट्रॅक्ट आलंय, सही करण्याआधी काय बघू?

अंबडचा_मशिनिस्ट

नमस्कार मंडळी. युरोपात नोकरी केलेल्यांचा किंवा युनियनमध्ये काम केलेल्यांचा सल्ला हवाय.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, वय २७. सातपूरच्या आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड केला, अप्रेंटिसशिप झाली आणि तेव्हापासून अंबडमध्ये एका व्हेंडर कंपनीत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. आधी ऑपरेटर होतो, आता सेटिंगही करतो. गाड्यांच्या पार्टचं मशिनिंग. पण कंपनीच्या रोलवर नाही, ठेकेदाराचं कार्ड. मध्येच ब्रेक देतात, मग पुन्हा नवीन जॉइनिंग. पगार ओव्हरटाइम धरून बावीस-तेवीस हजार. माझ्या शेजारच्या मशीनवरचे काका परमनंट आहेत, काम तेच, पगार माझ्या दुपटीच्या वर. त्यांच्याबद्दल माझा काही राग नाही, ते मला शिकवतात. पण घरी जाताना डोक्यात तेच फिरतं.

म्हणून कॉलेज रोडच्या क्लासला जाऊन जर्मन शिकलो. बी१ लेव्हलची भाषेची परीक्षा पास झालो. आता एका एजंटमार्फत काँट्रॅक्ट आलंय. त्यात असं लिहिलंय: ताशी १७.५० युरो, आठवड्याला ४० तास, मुदत दोन वर्षं, पहिले सहा महिने प्रोबेशन. कामाचं ठिकाण म्हणून गावाचं नाव नाही, 'ग्राहक कंपन्यांच्या ठिकाणी' एवढंच. खोली कंपनी देणार, भाडं पगारातून कापणार. तीन वर्षांच्या आत सोडलं तर व्हिसा आणि भाषेचा खर्च म्हणून ६,००० युरो परत करायचे. एजंट साडेतीन लाख मागतोय, निम्मे रविवारपर्यंत.

वडील सातपूरच्या एका कंपनीतून परमनंट म्हणून रिटायर झाले. काँट्रॅक्ट त्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी एकच विचारलं, "तिथं युनियन आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

बातम्या बघतो तर तिकडे मोठ्या गाडी कंपन्याच माणसं कमी करतायत. मग परदेशातून आलेल्याला आधी काढणार नाहीत का? आपल्याला काही हक्क असतात का? युनियनमध्ये घेतात का? आणि हे काँट्रॅक्ट चांगलं आहे की वाईट?

---

निफाडचा_अभ्या

भावा, जा डोळे झाकून. ताशी १७ युरो म्हणजे महिन्याला तीन लाखांच्या आसपास होतात. तिकडचे कायदे कडक असतात, कोणी फसवू शकत नाही. इथं ठेकेदाराकडे किती दिवस घासणार?

---

नेकारकाठचा_नाशिककर

अंबडच्या भाऊ, थांब. सही करू नकोस आणि एजंटला रविवारीच काय, कधीच पैसे देऊ नकोस. पुढचं सगळं वाच. लांबलंय, पण तुझी काही वर्षं यावर ठरणार आहेत.

मी पाथर्डी फाट्याचा. आयटीआय तुझंच, ट्रेड टर्नर. सध्या स्टुटगार्टच्या जवळ गिअर बनवणाऱ्या कारखान्यात ग्राइंडिंगला आहे. आमच्या विभागात मी आयजी मेटाल या युनियनचा प्रतिनिधी आहे, लाइनवरच्या सभासदांनी निवडलेला. त्यामुळे अशी काँट्रॅक्टं माझ्यासमोर बऱ्याचदा येतात, बहुतेक वेळा माणूस अडकल्यावर येतात.

तुझ्या काँट्रॅक्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ 'ग्राहक कंपन्यांच्या ठिकाणी' ही आहे. पगार नंतर बघू. ही माणसं भाड्याने पुरवणारी कंपनी दिसते. इथे त्याला लाइआरबाइट म्हणतात, आपल्या भाषेत ठेकेदारी. आणि इथला कायदा याबाबत स्पष्ट आहे. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाच्या ज्या नोकरीला जर्मन रोजगार खात्याची संमती लागते, ती नोकरी लाइआरबाइटची असेल तर खात्याने संमती नाकारायचीच. निवास कायद्याचं कलम ४०. आयटीआयच्या कागदावर मिळणारा व्हिसा याच प्रकारात मोडतो.

म्हणजे एक तर तुझा व्हिसा नाकारला जाईल आणि साडेतीन लाख बुडतील. नाहीतर कागदावर ते वेगळं दाखवतील, आम्ही ग्राहकाकडून पूर्ण कामाचं कंत्राट घेतलंय असं म्हणतील, आणि तू मात्र तिसऱ्याच्या मशीनवर, तिसऱ्याच्या सुपरवायझरच्या हाताखाली उभा असशील. हे जास्त धोक्याचं. कारण उद्या ते उघडकीस आलं तर तुझा राहण्याचा परवानाच अडचणीत येतो, आणि पगार थकवला तरी तू तोंड उघडायला घाबरतोस.

अभ्या भाऊ म्हणतात कायदे कडक आहेत. आहेत. पण ते कोणासाठी किती, हे तू कोणत्या दाराने आत येतोस त्यावर आहे. जर्मनीत सगळ्या नोकरदारांपैकी जेमतेम निम्मे आज वेतनकराराखाली, म्हणजे युनियनने मालकांशी केलेल्या सामूहिक कराराखाली आहेत. पूर्वी हे प्रमाण खूप जास्त होतं. कंपन्या मालकांच्या संघटनेतून बाहेर पडतात, किंवा वेतनकराराला बांधील नसलेलं सदस्यत्व घेतात, किंवा कारखान्याचे तुकडे करून स्टोअर, वाहतूक, साफसफाई वेगळ्या कंपनीला देतात. गेट तेच, पण गेटच्या आत एकाच हॉलमध्ये तीन प्रकारचे कामगार. हे चित्र तुला अंबडमध्ये बघायची सवय आहेच.

याचं टोक बघायचं असेल तर इथल्या कत्तलखान्यांचं बघ. रुमानिया, बल्गेरियातून आणलेली माणसं वर्षानुवर्षं उपकंत्राटदारांच्या नावावर होती, खोल्यांमध्ये कोंबलेली. जून २०२० मध्ये रेडा-वीडेनब्रुकच्या टोनीस कारखान्यात हजाराहून जास्त कामगारांना कोरोना झाला, तेव्हा देशाला ते दिसलं. मग सरकारने कायदा केला आणि २०२१ पासून मोठ्या मांस उद्योगात कत्तल, कापणी आणि पॅकिंगसाठी आधी अशी कंत्राटं आणि मग भाड्याचे कामगार, दोन्हींवर बंधन आणलं. माणसं थेट कंपनीच्या रोलवर आली. अन्न उद्योगातली युनियन हे अनेक वर्षं मागत होती. महामारी यावी लागली, याचा मला आजही संताप येतो.

आता तुझा नोकरकपातीचा प्रश्न. फोक्सवागनचं उदाहरण घे, कारण तिथे सगळं उघड झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने १९९४ पासून चालत आलेला नोकरीच्या हमीचा करार रद्द केला आणि जर्मनीतले कारखाने बंद करण्याची भाषा केली. डिसेंबरमध्ये दोन वेळा इशारा-संप झाले, दर वेळी एक लाखाच्या आसपास लोक. शेवटी ७० तासांच्या वाटाघाटींनंतर २० डिसेंबरला तडजोड झाली. २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी होणार, पण लवकर निवृत्ती, स्वेच्छेने पैसे घेऊन जाणं अशा मार्गांनी. सक्तीची कपात २०३० च्या अखेरपर्यंत नाही. ड्रेस्डेनमधलं उत्पादन थांबवायचं ठरलं, पगारवाढ गोठली. कामगारांनी बरंच सोडलं, पण कोणाच्या हातात अचानक चिठ्ठी पडली नाही.

ही हमी मात्र रोलवरच्यांची. त्याच कंपनीच्या झ्विकाऊच्या कारखान्यात २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांची मागणी घटली, तेव्हा मुदतीवरच्या अडीचशेहून जास्त लोकांचे करार फक्त पुढे वाढवले नाहीत. कोणालाही 'काढलं' असं म्हणावं लागलं नाही, तारीख आली आणि संपलं. म्हणून परदेशी म्हणून आधी काढतील का, यापेक्षा तू मुदतीवर आहेस की कायम, कंपनीचा आहेस की ठेकेदाराचा, हे आधी विचार.

कायम असशील तर काय मिळतं ते सांगतो. दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सहा महिने पूर्ण झाले की कपातीविरुद्धचं कायदेशीर संरक्षण लागू होतं. नोकरीवरून काढल्याचं पत्र कागदावर, शाईच्या सहीनेच द्यावं लागतं, व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालत नाही. जिथे बेट्रीब्सराट, म्हणजे निवडून आलेली कामगार समिती आहे, तिथे प्रत्येक कपातीआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं, नाहीतर ती कपात रद्दबातल. आणि पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा टाकायचा असतो. हे तीन आठवडे लक्षात ठेव. लोक भाषेच्या भीतीने गप्प बसतात आणि मुदत निघून जाते.

काम कमी झालं की कुर्त्सआरबाइट नावाची सोय आहे. नोकरी टिकते, तास कमी होतात, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रोजगार खातं भरून देतं. एप्रिल २०२० मध्ये ६० लाखांच्या आसपास लोक त्यावर होते. आपल्याकडच्या ले-ऑफमध्ये रोलवरच्यालाच निम्मा मिळतो आणि ठेकेदाराच्या पोराला काहीच नाही, ते तू पाहिलंच असशील. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, नोकरीला चार आठवडे झालेले असले की.

युनियन. वडिलांना माझा नमस्कार सांग, त्यांनी नेमका प्रश्न विचारला. आयजी मेटालमध्ये कोणत्याही देशाचा माणूस सभासद होतो. वर्गणी ढोबळ पगाराच्या १ टक्का. तीन महिने झाले की कोर्टकचेरीसाठी युनियनचा वकील मिळतो. हे फार मोठं आहे, कारण इथल्या कामगार न्यायालयात पहिल्या पायरीवर तू जिंकलास तरी तुझ्या वकिलाचा खर्च तुझाच असतो. कामगार समितीच्या निवडणुकीलाही पासपोर्ट आड येत नाही, १९७२ च्या कायद्यापासून परदेशी माणूस उभा राहू शकतो. समिती मात्र आपोआप येत नाही. पाच कायम कामगार असले तरी निवडता येते, पण कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो.

इथे १९७३ ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी नवीन लोकांना ही दर वेळी सांगतो. ऑगस्ट महिना. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या ३०० च्या आसपास तुर्की कामगारांना काढलं. गावाला जायला रस्त्याने दिवसच्या दिवस लागायचे, आणि सुट्टी तेवढीच. हजारो तुर्की कामगारांनी काम बंद केलं, पण जर्मन कामगारांतले बहुतेक बाजूला राहिले, युनियन आणि समितीही त्यांच्यामागे नीट उभी राहिली नाही. संप पोलिसांच्या मदतीने मोडला. त्याच महिन्यात नॉइसमध्ये पिअरबुर्ग नावाच्या कार्बोरेटर बनवणाऱ्या कारखान्यात परदेशी बायकांनी संप केला. युगोस्लाव्हिया, ग्रीस, तुर्कस्तान, इटली, स्पेन अशा ठिकाणांहून आलेल्या. त्यांना 'हलकं काम' या नावाखाली सगळ्यात खालच्या पगारगटात टाकलेलं होतं. तिथे जर्मन कुशल कामगार, टूलरूमवाले, त्यांच्या बाजूने उतरले. काही दिवसांत तो पगारगटच रद्द झाला.

एकच देश, एकच महिना. मी माझ्या विभागातल्या जर्मन साथीदारांनाही हे बोलून दाखवतो, कारण आज पुन्हा तीच वेळ आहे. बाहेरून आलेला स्वस्तात काम करतो म्हणून आपला पगार घसरतो, असं पसरवणारे इथेही वाढलेत. त्याला उत्तर एकच, त्याच कामाला तोच पगार, एकाच करारात.

तर आता तुझं काम. एजंटला लेखी विचार: माझा मालक कोण, आणि मी ज्या मशीनवर उभा राहणार ते त्याच्याच मालकीचं आहे का? ही कंपनी कोणत्या वेतनकराराला बांधील आहे? तिथे कामगार समिती आहे का? खरी कंपनी असेल तर एका दिवसात उत्तर येतं.

६,००० युरोंची अट तर उघड जाच आहे. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आणि तीन वर्षांच्या आत सोडलं तर दंड, म्हणजे त्यांनीच मुदत वाढवली नाही तर काय? इथली न्यायालयं असल्या छापील अटी बारकाईने तपासतात, आणि माणूस कोणत्या कारणाने गेला हे न बघता सरसकट पैसे मागणारी अट टिकत नाही. पण ते नंतर लढून मिळतं. सहीच न करणं सोपं.

बाकी हिशोब: १७.५० ने ४० तास म्हणजे महिन्याला ३,००० युरोंच्या थोडं वर ढोबळ. कर आणि विमा जाऊन एकट्या माणसाच्या हातात २,१०० च्या आसपास. त्यातून ते खोलीचं भाडं किती कापणार ते काँट्रॅक्टमध्ये आकड्यात लिहिलेलं हवं. एका खोलीत तिघे आणि प्रत्येकाकडून पूर्ण भाडं, असं मी स्वतः जाऊन पाहिलंय.

---

सातपूरकर_काका

नेकारकाठच्या दादांनी तिकडचं नीट सांगितलं. मी इकडचं सांगतो. मी सातपूर एमआयडीसीत पूर्ण नोकरी केली, युनियनच्या कमिटीवर होतो.

बाळा, आधी एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या इमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव टाकून बघ. आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. साडेतीन लाख मागणारा माणूस तिथेच कायद्याबाहेर गेला. सरकारवाड्यापासून सिन्नरपर्यंत किती घरांनी दागिने गहाण टाकून असे पैसे दिलेत, ते आम्ही पाहिलंय. आखातात जाणाऱ्यांचं होत होतं, आता जर्मनीचं होतंय.

दुसरं, थोडं विषयाच्या बाजूचं आहे पण मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या कंपनीची मूळ मालक कंपनी युरोपातली. तिकडची एखादी लाइन बंद करून नाशिकला हलवायचं ठरलं की तिकडच्या कामगार प्रतिनिधींना आधी कळवावं लागायचं, सल्लामसलत व्हायची. युरोपात १९९४ पासून त्यासाठी कायदा आहे. ज्या कंपनीत युरोपभर १,००० कामगार आणि किमान दोन देशांत १५०-१५० आहेत, तिथे सगळ्या देशांच्या कामगारांची मिळून एक युरोपियन समिती बसवता येते. आम्हाला मात्र मशीन कंटेनरमधून उतरल्यावर कळायचं. तिकडच्यांना वाटायचं नाशिकवाल्यांनी आमचं काम नेलं. आम्हाला वाटायचं काम वाढलं, आता भरती होईल. भरती झाली ती ठेक्याची. म्हणजे तिथली कायम नोकरी गेली आणि इथे कायम नोकरी आलीच नाही. दोन्हीकडच्या कामगारांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं. आमच्यातल्या काहींनी पत्रव्यवहार केला, त्यातून इथल्या एका करारात ठेक्याची काही पोरं टप्प्याटप्प्याने कायम झाली. थोडीच झाली, पण झाली.

आता जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे. आधी ३,००० वर कामगार असलेल्या कंपन्यांना, २०२४ पासून १,००० वरच्यांना. आपल्या पुरवठादाराकडे युनियन करू देतात का, पगार रोखून धरतात का, सुरक्षितता आहे का, हे बघायची जबाबदारी त्या कंपनीवर. तक्रारीची व्यवस्था ठेवणंही बंधनकारक. अंबडमधला कामगारसुद्धा तक्रार करू शकतो. ब्रुसेल्समध्ये आणि बर्लिनमध्ये हे नियम सैल करण्याचा जोर चालू आहे, तेव्हा जे हातात आहे ते वापरलं पाहिजे.

आणि इथे राहणाऱ्यांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले. ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला आता सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी हा आकडा १०० होता. अंबडमधले किती कारखाने ३०० च्या आत बसतात ते तूच बघ. संपाला १४ दिवसांची नोटीस सगळीकडे आली. पण त्यातच लिहिलंय की मुदतीवरच्या कामगाराला कायमच्याइतकाच पगार आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. तुझा ठेकेदार तुला कोणत्या नावाखाली ठेवतो, नियुक्तिपत्र देतो का, हे आता लेखी माग. जाईपर्यंत इथलं सोडून देऊ नकोस.

तुझ्या वडिलांची कंपनी कोणती होती ते इथे लिहू नकोस. पण गेटवर भेट झालेली असणार आमची.

---

देवळालीची_सिस्टर

मी नर्स आहे, जर्मनीत हॉस्पिटलमध्ये. दोन गोष्टी भर घालते.

'फेअर इंटिग्रेशन' नावाची सल्ला केंद्रं इथे प्रत्येक राज्यात आहेत, बाहेरच्या देशांतून आलेल्या कामगारांसाठी, पूर्ण मोफत. पगार, कपात, काँट्रॅक्ट, सगळं बघून देतात. २०२६ पासून बाहेरून माणूस आणणाऱ्या मालकाने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत या सल्ल्याची माहिती द्यायचीच, असं कायद्यात आलंय. तू निघायच्या आधीही ईमेलने विचारू शकतोस.

आणि दुसरं. कधी ऑफिसात बोलावून "दोघांच्या संमतीने नोकरी संपवूया" असा कागद पुढे केला तर तिथे सही करायची नाही. माझ्या एका मैत्रिणीने रडत रडत केली. अशी सही केली की बेकारभत्ता साधारण १२ आठवडे अडवतात, कोर्टात जायचा रस्ताही जवळजवळ बंद होतो. कागद घरी आण, कोणाला तरी दाखव. आणि नोकरी मुदतीआधी संपली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं. लपवलं तर परवान्याला अडचण येते, कळवलं तर नवीन नोकरी शोधायला सहसा वेळ देतात.

---

अंबडचा_मशिनिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. १९७३ च्या त्या बायकांचं ऐकून ते बराच वेळ बोलत बसले. सातपूरला त्यांच्या काळी पॅकिंगच्या बायकांचं असंच झालं होतं म्हणे.

एजंटला तिन्ही प्रश्न लिहून पाठवले. उत्तर आलं, "आधी टोकन भर, मग पार्टनर कंपनीचं नाव सांगू." ई-मायग्रेटवर त्याचं नाव सापडलं नाही. काका, पैसे दिले नाहीत.

आमच्या क्लासच्या मॅडमनी एक दुसरी कंपनी सुचवली आहे. उल्मजवळ, स्वतःचं मशीन शॉप, ६० च्या आसपास कामगार, थेट त्यांच्याशीच व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. मालकाने स्वतः ड्रॉइंग दाखवून प्रश्न विचारले, फिक्स्चर कसं लावशील, टॉलरन्स कसा धरशील. पगार ताशी १८.२०, काँट्रॅक्ट बेमुदत. पण विचारल्यावर म्हणाले की वेतनकरार नाही आणि कामगार समितीही नाही. मग हे सोडून देऊ का?

---

नेकारकाठचा_नाशिककर

सोडू नकोस. थेट मालक, बेमुदत काँट्रॅक्ट, ड्रॉइंग दाखवून प्रश्न विचारणारा माणूस, हे आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं. ६० कामगार म्हणजे कपातीविरुद्धचं संरक्षण सहा महिन्यांनी तुला पूर्ण लागू. समिती नसली तरी कायद्याने मिळणारं सगळं मिळतं: पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस भरपगारी रजा (आमच्या वेतनकरारात ३० आहे, तू २८ तरी माग), दिवसाला ८ तास, जास्तीत जास्त १०, आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती.

काही गोष्टी सही करण्याआधी लेखी घे. ओव्हरटाइमचे पैसे की बदली रजा, आणि किती. "सगळा ओव्हरटाइम पगारात धरलेला आहे" अशी ओळ असेल तर काढायला सांग. तुझ्या आयटीआय आणि अप्रेंटिसशिपच्या कागदांची इथे मान्यता करून घ्यायची असते, तुझ्या ट्रेडसाठी ते काम न्युरेनबर्गचं आयएचके-फोसा कार्यालय करतं. त्याची फी कोण भरणार आणि पूर्ण मान्यता मिळाल्यावर पगार किती वाढणार, तेही लिहून घे. पूर्ण मान्यता असलेला मशिनिस्ट आणि अर्धी मान्यता असलेला, यांच्या पगारात इथे मोठा फरक पडतो.

पेन्शनचं तुझ्या वडिलांना सांग, त्यांना पीएफची सवय आहे म्हणून. पाच वर्षं हप्ते भरले की इथल्या पेन्शनचा हक्क लागतो, आणि भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू असल्याने दोन्हीकडची वर्षं हक्कासाठी जोडून धरली जातात. म्हणून अंबडमधली पीएफची वर्षं वाया जात नाहीत, यूएएन आणि पासबुक जपून ठेव. ठेकेदाराने पीएफ खरंच भरलाय का ते निघण्याआधी तपास, इथून मागे लागणं अवघड.

युनियनमध्ये पहिल्या पगारालाच नाव घाल. मालकाला सांगायची गरज नसते, त्याला विचारण्याचा अधिकारही नाही. त्या शॉपमध्ये आणखी दोन-तीन सभासद आधीच असतील तर आमच्या उल्मच्या कार्यालयाला माहीत असतं, मी तिथल्या साथीदाराशी बोलतो. काँट्रॅक्ट आलं की कंपनीचं आणि तुझं नाव झाकून मला मेसेजमध्ये पाठव. मी आमच्या समितीतल्या बाईंना दाखवतो, त्या असल्या कागदातली एक ओळसुद्धा सोडत नाहीत. माझी या आठवड्यात सकाळची पाळी आहे, तुझ्याकडचे संध्याकाळचे साडेसात वाजले की मी मोकळा असतो.